गिरमिटाचा ताळेबंद

परदेशीं जावयास निघालेल्या माणसाला शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो पगाराचा. 'तिकडे किती मिळणार?' उत्तर ऐकतांच ऐकणारा त्या रकमेचे मनांतल्या मनांत रुपये करतो, ते येथल्या मिळकतीशीं ताडून पाहतो आणि 'मग काय, दैव उघडलें!' असें म्हणून मोकळा होतो. हा हिशेब चुकीचा असतो असें नाहीं. तो अपुरा असतो. चुकलेला हिशेब केव्हां ना केव्हां पडताळ्यांत सांपडतो. अपुरा हिशेब मात्र कितीही वेळां पडताळला तरी बरोबरच येतो, आणि म्हणूनच तो अधिक घातक.

आपल्या देशांतल्या दहा-बारा लाख माणसांनीं एकोणिसाव्या शतकांत असा अपुरा हिशेब करून समुद्र ओलांडला. त्या हिशेबांत कोणत्या रकमा धरल्या होत्या आणि कोणत्या राहून गेल्या, हें आजच्या भाषणांत आपणांपुढें मांडावें असा माझा विचार आहे. मी आयुष्यभर शाळामास्तर होतों; तेव्हां आणे-पैंची थोडी आंकडेमोड मधून मधून येईल. तिचा आपण कंटाळा करूं नये अशी विनंति आहे, कारण या विषयाचें मर्म त्या आंकडेमोडींतच आहे.

ब्रिटिश साम्राज्यांत गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ सालीं झाला. उंसाच्या मळ्यांवर राबणारे गुलाम सुटणार असें दिसतांच मळेवाल्यांना नव्या मजुरांची निकड भासूं लागली. त्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'ॲटलस' नांवाचें जहाज कलकत्त्याहून मॉरिशस बेटाला पोंचलें. त्यांत छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखांतले छत्तीस मजूर होते. त्यांनीं पांच वर्षांच्या करारावर अंगठे उठविले होते. इंग्रजी करारनाम्याला जो 'ॲग्रिमेंट' शब्द आहे, त्याचा मजुरांच्या तोंडीं 'गिरमिट' झाला, आणि त्या करारानें बांधलेला माणूस तो 'गिरमिटिया'. हा ओघ पुढें ऐंशीं वर्षें चालू राहिला. एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास माणसें गेलीं. ब्रिटिश गियानाला सुमारें दोन लाख चाळीस हजार, नाताळला दीड लाख, त्रिनिदादला एक लाख चव्वेचाळीस हजार, तर फिजीला साठ हजारांवर.

हीं माणसें निघालीं तेव्हां त्यांना काय ठाऊक होतें? याचें उत्तर मजुरांनीं नव्हे, तर मजूर पाठविणाऱ्यांनींच लिहून ठेवलें आहे. जॉन ग्लॅडस्टन म्हणून एक मोठे मळेवाले होते. पुढें इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेले ग्लॅडस्टन ते यांचेच चिरंजीव. त्यांनीं १८३६ सालीं कलकत्त्याच्या गिलँडर्स, आरबथनॉट आणि कंपनीला पत्र घालून आपल्या वेस्ट इंडीजमधील मळ्यांसाठीं मजूर मिळतील काय अशी विचारणा केली. कंपनीनें उलट कळविलें तें असें, कीं मजूर मिळण्यास अडचण दिसत नाहीं, कारण आपण कोठें जात आहों आणि प्रवास किती लांबीचा आहे याची या लोकांना मुळींच कल्पना नसते. व्यापाऱ्यानें व्यापाऱ्याला लिहिलेलें हें वाक्य. त्यांत लपवाछपवी नाहीं, आणि लाजही नाहीं. गिऱ्हाइकाचें अज्ञान हा त्या धंद्यांत मालाचा एक गुणच मानला जात होता.

मजुरांच्या बोलींत या देशांचीं नांवें कशीं रूढ झालीं तेंही पाहण्याजोगें आहे. मॉरिशसचा झाला 'मिरिच देश', त्रिनिदादचा 'चिनीदाद', म्हणजे साखरेचा मुलूख, आणि सुरिनामचा झाला 'श्रीराम देश'. ज्या ठिकाणाला प्रभु रामचंद्राचें नांव आहे तेथें उपाशी कोण मरणार? आरकाटी म्हणजे मजूर गोळा करणारा दलाल. त्याला खोटें बोलण्याचे श्रमही पुष्कळदां पडत नसत. नांवच त्याचें काम करी.

आतां मॉरिशसच्या हिशेबाकडे वळूं. आरंभीच्या करारांत पुरुष मजुराला दरमहा पांच रुपये, रोजचा तांदूळ, डाळ, मीठ वगैरे शिधा, वर्षाला ठरलेलीं वस्त्रें, राहावयास जागा आणि दुखण्यांत औषधपाणी अशीं कलमें असत. इकडे खेडेगांवीं शेतमजुराला दिवसाकाठीं दोन आणे पडले म्हणजे पुष्कळ झालें, असा तो काळ. महिन्याचे सव्वीस दिवस काम मिळालें असें धरलें तरी बावन्न आणे, म्हणजे सव्वातीन रुपये. आणि तेंही हंगामापुरतें, पोटास घरचें खाऊन. तिकडे पांच रुपये रोख, वर शिधा. वर्षाचे साठ, पांच वर्षांचे तीनशें. तीनशें रुपयांत त्या काळीं सावकाराचें कर्ज फिटून बैलजोडी दाराशीं उभी राहिली असती. त्रैराशिक अगदीं बरोबर आहे. त्यांत चूक काढण्यास जागा नाहीं.

आतां या त्रैराशिकांत न धरलेल्या रकमा पाहूं. आरंभीच्या करारांत परतीच्या भाड्यासाठीं दरमहा एक रुपया मागें ठेवला जाई, राहिले चार. निघतांना सहा महिन्यांची उचल मिळे, ती पुढच्या पगारांतूनच वळती व्हावयाची. या उचलीचा मोठा भाग जहाजावर चढण्यापूर्वींच दलालांच्या हातीं गेलेला असे. कलकत्त्यास १८३८ सालीं नेमलेल्या चौकशी समितीपुढें हीच गोष्ट पुढें आली. म्हणजे मजूर बेटावर उतरे तो बहुधा कर्जदार होऊनच.

त्यानंतर 'दुहेरी कपात'. परवानगीवांचून एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापावा असा तेथील रिवाज होता, आणि त्याला कायद्याचा आधार मिळाला होता. महिना पांच रुपये म्हणजे ऐंशीं आणे. तीस दिवसांनीं भागले असतां रोजचे दोन आणे आठ पै. एक दिवस चुकला तर पांच आणे चार पै गेले. एखाद्याला पांच दिवस ताप आला आणि मळ्यावरच्या अंमलदारानें तो ताप खरा मानला नाहीं, तर एक रुपया दहा आणे आठ पै वजा होऊन हातीं तीन रुपये पांच आणे चार पै राहत. पंधरा दिवस अंथरुणांत काढणाऱ्याचा सबंध महिना फुकट जाई. या मजुराला कापलेल्या पैशांचा हिशेब करतां येत नसे. हिशेबाचें पुस्तक मालकाच्या हातीं, आणि पुष्कळ मळ्यांवर पगारही महिनोगणती थकलेला असे.

भावांतील फरकाचा प्रश्न याहूनही साधा होता. मॉरिशसमध्यें पीक उंसाचें. पोटाला लागणारा तांदूळ येई तो बहुतेक हिंदुस्थानांतूनच. ज्या देशांतून मजूर गेला त्याच देशांतून त्याच्या मागून त्याचा तांदूळ जहाजांत बसून जाई. त्यावर जहाजाचें भाडें, व्यापाऱ्याचा नफा आणि बेटावरच्या दुकानदाराचा नफा चढे. शिध्यावर भागत होतें तोंपर्यंत याची झळ लागत नसे. परंतु करार संपून शिधा बंद झाला, किंवा बायकामुलांसाठीं चार शेर अधिक घ्यावे लागले, म्हणजे रुपयाचें वजन किती उतरलें आहे तें कळे. रुपयाचें नाणें दोन्ही ठिकाणीं ओळखीचें होतें, पण त्यांत मिळणारा तांदूळ सारखा नव्हता.

सांथीचा धोका तर कोणत्याच करारांत लिहिलेला नव्हता. १८६६ ते १८६८ या वर्षांत त्या बेटावर हिवतापाची भयंकर सांथ आली. एकट्या १८६७ सालीं तीस हजारांवर माणसें दगावलीं. त्याच १८६७ सालीं नवा मजूर कायदा झाला. करार संपलेल्या जुन्या मजुरानेंही स्वतःची छबी चिकटविलेला परवाना सदैव जवळ बाळगला पाहिजे असें त्यानें ठरविलें. परवान्यावांचून सांपडला कीं तो भटक्या ठरून पोलिसांच्या हातीं जाई. पांच वर्षें पुरीं केल्यावर माणूस मोकळा होतो, ही समजूत करार करतांना होती. मोकळ्या माणसानें रस्त्यानें कसें चालावें याचा कायदा मात्र मागाहून आला. या कायद्याविरुद्ध १८७१ सालीं ॲडॉल्फ द प्लेवित्झ या सहृदय मळेवाल्याच्या खटपटीनें ९,४०१ हिंदी मजुरांच्या सहींचा अर्ज सरकारकडे गेला. त्यावरून बादशाही चौकशी मंडळ नेमलें गेलें. मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरींत राहिलेले विल्यम फ्रियर हे त्याचे एक सभासद होते. त्यांच्या १८७५ सालच्या अहवालानें मजुरांच्या तक्रारींना पुष्कळ अंशीं दुजोरा दिला आणि १८७८ सालीं कायदा कांहींसा सुधारला.

मॉरिशसचा आपल्या महाराष्ट्राशीं थेट संबंध आहे. कलकत्ता आणि मद्रास यांच्या मानानें थोडीं, तरी मुंबई बंदरांतूनही बरींच माणसें तेथें गेलीं, आणि त्यांत रत्नागिरी व आसपासच्या कोंकणपट्टींतलीं मराठी कुळें होतीं. कोंकणांतील कुळाला खोताचें देणें, नापीक वरकस जमीन आणि वाढतीं तोंडें यांनीं गांजलेलें होतें. म्हणून त्यानें दर्या जवळ केला यांत नवल नाहीं. परंतु मुंबईंत १८५४ सालीं पहिली कापडगिरणी स्थापन झाली, आगगाडी सुरू झाली, गोदीचीं कामें वाढलीं, आणि कोंकण्याला दुसरी वाट दिसली. मुंबईची चाळ कांहीं स्वर्ग नव्हे. पण तेथून शिमग्याला आणि गणपतीला गलबतानें, पुढें आगबोटीनें, घरीं येतां येत होतें. मुकादमाशीं पटलें नाहीं तर दुसऱ्या दिवशीं दुसरें दार ठोठावतां येत होतें. मुंबईहून मॉरिशसला जाणारांचा ओघ कमी होण्याचें हें एक कारण असावें असें मला वाटतें. कोंकणी माणसानें पगाराच्या आंकड्याशेजारीं 'परत येतां येईल काय?' हा दुसरा आंकडा मांडला, आणि दोहोंची बेरीज करून निर्णय घेतला.

मॉरिशसनंतर पंचेचाळीस वर्षांनीं, १८७९ सालीं, फिजी बेटांकडे 'लिओनिडास' हें पहिलें जहाज गेलें. तोंपर्यंत सरकारी नियम पुष्कळ झाले होते. करारनामा छापील असे, देशी भाषांतही असे, आणि मॅजिस्ट्रेटपुढें मजुराला 'राजीखुशीनें जातोस ना?' असें विचारण्याचा विधि पार पाडला जाई. त्या करारनाम्यांत पुरुषाला एका दिवसाच्या पूर्ण कामाबद्दल एक शिलिंग, 'म्हणजे सध्यांचे बारा आणे', आणि बाईला नऊ पेन्स, 'म्हणजे नऊ आणे', असा खुलासा छापलेला होता. त्या वेळच्या हुंडणावळीनें एक पेनी म्हणजे बरोबर एक आणा होई. खेड्यांत दोन-तीन आण्यांवर राबणाऱ्या माणसाला बारा आणे हा आंकडा किती मोठा वाटला असेल याची कल्पना करावी. सरकारनें रुपयांत करून दिलेलें हें भाषांतर अक्षरशः खरें होतें. त्या बारा आण्यांत फिजीमध्यें पीठ किती आणि डाळ किती येते, हें मात्र करारांत कोठेंही छापलें नव्हतें. आणि हे जिन्नस तेथें बाहेरून येत.

शिवाय 'दिवसाचें काम' हें घड्याळाचें काम नव्हे. 'टास्क' म्हणून उंसाच्या सऱ्यांची लांबी नेमून दिली जाई. सरदाराच्या मर्जीनें ती लांब-आंखूड होई, आणि नेमलेलें काम पुरें न झाल्यास शिलिंगही पुरा मिळत नसे. सर्व कांहीं बिनचूक पार पडलें असें धरलें, तरी सोमवार ते शुक्रवार नऊ तास आणि शनिवारीं पांच तास या मानानें आठवड्याचे साडेपांच शिलिंग, म्हणजे सहासष्ट पेन्स होत. पहिले सहा महिने मालकानें शिधा द्यावयाचा, तो फुकट नव्हे, रोजच्या चार पेन्सांना. जेवण रविवारींही लागतें. तेव्हां सात दिवसांचे अठ्ठावीस पेन्स गेले. राहिले अडतीस. बाईच्या नऊ पेन्सांच्या रोजांतून चार पेन्स गेले म्हणजे पोटावरच निम्म्याजवळ खर्च झाला. बाळंतपण, तान्हें मूल, दुखणें यांनीं काम चुकलें तर अंगावर बाकी चढे. राहण्यास जागा मिळे ती 'लैनी'मधील दहा फूट लांब आणि सात फूट रुंद अशी एक खोली. तिच्यांत तीन एकटे पुरुष, किंवा नवराबायको आणि त्यांचीं मुलें. करार पांच वर्षांचा. पण सरकारी खर्चानें परतणें असेल तर दहा वर्षें काढलीं पाहिजेत, नाहींतर भाडें पदरचें. पांच वर्षांच्या मुदतीचीं दहा वर्षें झालीं तीं अशीं.

तिसरें उदाहरण दक्षिण आफ्रिकेंतील नाताळचें. तेथें हिंदी मजूर १८६० पासून जाऊं लागले. पगार पहिल्या वर्षीं महिना दहा शिलिंग आणि दर वर्षाला एक शिलिंग वाढ, म्हणजे पांचव्या वर्षीं चौदा शिलिंग. परंतु १८९५ सालीं तेथील सरकारनें असा कायदा केला, कीं करार संपल्यावर जो मजूर पुन्हां करार करणार नाहीं किंवा मायदेशीं परतणार नाहीं, त्यानें दर वर्षीं तीन पौंड कर भरावा. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, अर्थात् पहिल्या वर्षाच्या दरानें सहा महिन्यांची मजुरी! पुढें १९०३ सालच्या कायद्यानें हा कर सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुली यांनाही लागूं झाला. आईबाप आणि दोन मोठीं मुलें अशा चौघांच्या कुटुंबाला वर्षाला बारा पौंड, म्हणजे दोनशें चाळीस शिलिंग झाले. पांचव्या वर्षाच्या चौदा शिलिंगांनीं बारा महिन्यांची कमाई होते एकशें अडुसष्ट शिलिंग. याचा अर्थ इतकाच, कीं त्या कुटुंबानें तेथें स्वतंत्र राहूं नये. पुन्हां करारांत यावें किंवा निघून जावें. महात्मा गांधींच्या नेतृत्वाखालीं १९१३ सालीं हजारों मजुरांनीं संप करून तुरुंगवास पत्करला, आणि १९१४ सालीं हा कर रद्द झाला. जो देश आज आपल्याला बोलावतो, तो आपलें काम संपल्यावर आपल्याला ठेवूं इच्छितो काय, हा प्रश्न पगाराच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे, हें नाताळनें शिकविलें.

श्रोतेहो, येथें कोणी असें म्हणेल, कीं हें सर्व वकिली बाजू मांडणें झालें. कोणी निःपक्षपातानें दोन्ही देशांचा खर्च आणि कमाई मांडून पाहिली होती काय? पाहिली होती. हिंदुस्थान सरकारनें १९१३ सालीं मॅकनील आणि चिमनलाल या दोघां गृहस्थांना त्रिनिदाद, ब्रिटिश गियाना, जमेका, सुरिनाम आणि फिजी येथें पाठविलें. त्यांनीं मजुरी, शिधा, घरें, इस्पितळें, शिल्लक या सर्वांची बारकाईनें चौकशी केली. त्यांचा अभिप्राय असा पडला, कीं दोष आहेत, ते सुधारावेत, पण एकंदरींत मजुराला हानीपेक्षां लाभ अधिक आहे. हा अभिप्राय उडवून लावण्यासारखा नव्हता. करार संपवून स्वतंत्र झालेल्या अनेकांची सांपत्तिक स्थिति मायदेशींच्या त्यांच्या भाऊबंदांपेक्षां बरी होती, ही गोष्ट खरीच होती.

तथापि या ताळेबंदावर आक्षेप घेणारे लोकही थोर होते. ना. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं त्याआधींच, १९१२ च्या मार्च महिन्यांत, वरिष्ठ कायदे कौन्सिलांत ही पद्धत सर्वस्वीं बंद करावी असा ठराव आणला होता. गोखले अर्थशास्त्राचे जाणते. अंदाजपत्रकावरचीं त्यांचीं भाषणें सरकारही कान देऊन ऐके. अशा आंकड्यांच्या माणसानें या प्रश्नाचा निकाल मात्र केवळ मजुरीच्या आंकड्यावर लावला नाहीं. त्यांचा मुद्दा हा, कीं ज्या कराराच्या अटी एका पक्षाला समजत नाहींत, जो मोडल्यास नुकसानभरपाई नव्हे तर तुरुंग मिळतो, आणि ज्यांत मालक निवडण्याची व बदलण्याची मोकळीक नाहीं, त्याला करार म्हणणेंच चुकीचें. सरकारी सभासदांच्या बहुमतानें तो ठराव पडला. पण फिजींतील करारबद्ध हिंदी मजुरांत आत्महत्येचें प्रमाण मायदेशापेक्षां कितीतरी पटींनीं अधिक होतें, हें सरकारी आंकड्यांवरूनच दिसत होतें. ज्याची शिल्लक वाढत आहे तो मनुष्य गळफांस कां घेतो, याचें उत्तर जमाखर्चाच्या वहींत नव्हतें. सी. एफ्. ॲन्ड्रूज आणि डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन यांनीं १९१५ सालीं फिजीला जाऊन तें उत्तर शोधलें आणि १९१६ सालीं प्रसिद्ध केलें. बायकांची अत्यल्प संख्या, मोडलेलीं घरें, लैनींतील बेअब्रू आणि सुटकेची आशा नाहींशी होणें, हीं तीं कारणें. त्याच सालीं पंडित मदनमोहन मालवीय यांचा ठराव सरकारनें मान्य केला. १९१७ सालीं मजूरभरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजीं फिजींतील उरलेले करार रद्द झाले. गोखले तें पाहावयास राहिले नव्हते. १९१५ च्या फेब्रुवारींतच त्यांचें देहावसान झालें होतें.

आतां दुसरी बाजूही प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. जे गेले ते सर्व मूर्ख होते किंवा सर्व फसलेलेच होते असें म्हणणें हा त्यांचा अपमान होईल. १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दुष्काळ आठवावे. ज्याच्या घरीं चूल पेटत नाहीं त्याला 'तिकडचे भाव तपासून मग जा' असें सांगणें म्हणजे बुडत्याला नदीची खोली विचारण्यासारखें आहे. शिवाय कांहींचें खरोखर बरें झालें. मॉरिशसमध्यें १८८० च्या सुमारास मोठ्या मळ्यांचे तुकडे विकले जाऊं लागले तेव्हां जुन्या मजुरांनीं पै पै सांठवून ते घेतले आणि त्यांचे वंशज जमीनधारक झाले. १२ मार्च १९६८ रोजीं तें बेट स्वतंत्र झालें तेव्हां त्याचे पहिले मुख्य प्रधान झालेले सर शिवसागर रामगुलाम हे बिहारमधून आलेल्या अशाच एका मजुराचे पुत्र. ज्या घाटावर हे मजूर उतरत त्या आप्रवासी घाटाला २००६ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि २ नोव्हेंबर हा दिवस तेथें सार्वजनिक सुटीचा असतो. तेथील मराठी वंशजांनीं भाषा व सण टाकलेले नाहींत. गणेशचतुर्थीची तेथें सरकारी सुटी असते.

मात्र यावरून 'शेवट गोड तें सर्व गोड' असा निष्कर्ष काढणें बरोबर होणार नाहीं. ज्यानें मोल दिलें तो आजा, आणि ज्याला फळ मिळालें तो नातू. हिवतापांत गेलेला, लैनींत गळफांस घेतलेला, तीन पौंडांपायीं पुन्हां करारांत अडकलेला, यांचे नातू आपणांपुढें येऊन बोलत नाहींत, कारण पुष्कळदां ते जन्मलेच नाहींत. यशस्वी झालेल्यांच्या वंशावळीवरून प्रवासाचा नफा-तोटा मोजणें हाही एक अपुरा हिशेबच होय.

आजच्या काळांत गिरमिट नाहीं. १९८३ च्या परदेशगमन कायद्यानें मजूर पाठविणाऱ्या दलालांना नोंदणी करणें भाग पाडलें आहे. आपल्या कोंकणांतून आणि इतर जिल्ह्यांतून गेल्या पन्नास वर्षांत असंख्य माणसें अरबी आखातांत गेलीं, कित्येकांनीं घरें बांधलीं, बहिणींचीं लग्नें केलीं. माझ्या हाताखालून गेलेले विद्यार्थीही त्यांत आहेत, आणि त्यांच्या कष्टांचा मला अभिमान वाटतो. परंतु दलालाच्या तोंडचा पहिला आंकडा अजूनही पगाराचाच असतो, आणि ऐकणारा अजूनही त्याचे रुपयेच करतो. म्हणून गिरमिटाच्या इतिहासानें मोठ्या मोलानें शिकविलेले कांहीं प्रश्न येथें सांगतों. जाणाऱ्यानें, आणि त्याच्या आईबापांनींही, ते आधीं विचारावे.

पहिला प्रश्न: हातीं येणारी रक्कम तेथल्या बाजारांत काय विकत घेते? भाडें, जेवण, औषध, घरीं पैसे पाठविण्याचा खर्च वजा जातां महिन्याच्या शेवटीं उरतें किती? शिलिंगाचे आणे करणें सोपें असतें; आण्यांचें पीठ करून पाहावें. दुसरा प्रश्न: जाण्यासाठीं काढलेलें कर्ज फिटण्यास किती महिने लागतील? तोंपर्यंतची मजुरी आपली नव्हेच, ती सावकाराची. तिसरा: आजारी पडलों, काम चुकलें, तर काय कापलें जाईल, आणि तें ठरविणार कोण? चौथा: मालकाशीं न पटल्यास दुसरें काम धरतां येईल काय, आणि परतीचें भाडें व परतीचे कागद कोणाच्या हातीं राहतील? पांचवा: करार संपल्यावर तो देश आपल्याला कसें वागवील, आणि आपल्यामागें आपल्या मुलांना? सहावा प्रश्न आंकड्यांत मांडतां येत नाहीं, तरी तो सोडूं नये: ज्या खोलींत राहावयाचें तिच्यांत माणसाची अब्रू आणि माणसाचें मन टिकेल काय?

या सहा प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील तर खुशाल जावें. दर्या ओलांडणें हें पाप नव्हे, आणि घरीं बसून उपाशी राहणें हें पुण्यही नव्हे. सहांपैकीं दोन-तीन प्रश्नांचीं उत्तरें दलालाला देतां येत नसतील, किंवा तो हंसून विषय बदलीत असेल, तर ज्यानें तेथें चार वर्षें काढलीं आहेत अशा आपल्याच गांवच्या माणसाकडे जावें. त्यानें बांधलेल्या घराकडे न पाहतां त्याला एकांतांत विचारावें. 'ॲटलस' जहाजावरच्या त्या छत्तीस माणसांना असें विचारण्यास कोणीही नव्हतें. आपली स्थिति तशी नाहीं. आपल्यामागें पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळाचा जमाखर्च लिहिलेला आहे. तो वाचून मग अंगठा उठवावा, इतकेंच माझें सांगणें आहे.